२१.४०, रामबाग फीडर

बाळ मुळ्येच्या मुलाने घर विकताना
मला दोन खोकी आणून दिली.
"काका, ठेवता का? भंगारवाला घेतोय,
पण म्हणतो टेपचं वजन वजा करणार."
एकशे चौदा कॅसेटी.
सुदामानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या आता
लोणच्याच्या बरण्यांखालच्या फळीवर राहतात.
तिथे ऊन येत नाही.

मुळ्येचं अक्षर मुंगीएवढं, पण रेषेत चालणारं.
राग, ताल, तबल्यावर कोण, कुणाच्या घरी,
चहा गोड झाला होता, हेसुद्धा.
सदुसष्ट नंबरच्या कार्डावर:
"विमल पुणतांबेकर. बिहाग. द्रविडांची गच्ची, रामबाग.
१८ मे ८७. वीज गेली ९.४०."

मी तेव्हा मंडळात होतो.
सबस्टेशन, रात्रपाळी, डब्यात वांग्याची भाजी.
जबलपूरहून फोन आला: लोड उतरवा.
कुठला फीडर, ते आमच्यावर.
मी रामबाग ओढला.
का, ते आठवत नाही. बहुधा हँडल हाताशी होतं.
लॉगबुकात लिहिलं: २१.४०, रामबाग बंद.
खाली सही. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

लोकांना वाटतं, वीज जाते तेव्हा आवाज बुडतो.
ऐकताना गेली, तर बुडतो.
पण भरताना गेली, तर टेप मंदावत मंदावत थांबते,
आणि पुढे कधी पुऱ्या वेगाने लावली
की तेवढाच अर्धा सेकंद
आवाज चढतो,
निषादावरून सुटतो, चिमणी होतो,
आणि नाही.

विमलताई तारषड्जाकडे निघाल्या होत्या.
पोचल्याच असतील म्हणा,
गाणं काही विजेवर चालत नाही.
अंधारात गायल्या असतील, अर्ध्या रामबागेने ऐकलं असेल.
वीज आली पावणेबाराला,
तोवर मंडळी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात होती.
पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाकडे नागपूरला गेल्या.
मुळ्येच्या खोक्यांत त्यांची दुसरी कॅसेट नाही.
मी तीनदा पाहिलं.

भाच्याने, निपुणने, परवा ती संगणकावर उतरवून दिली.
गुणी पोरगा. सगळं धुऊनपुसून दिलं:
खरखर काढली, गल्लीतला टेम्पो काढला,
कुणाचा तरी खोकला,
आणि शेवटची चिमणी.
तिथे आता गाणं हळूच विरत जातं,
जणू बाईंनीच ठरवून आवरतं घेतलं.
"मामा, तिथे फॉल्ट होता ना."

फॉल्ट नव्हता रे. मी होतो.

म्हणून डेक ठेवलाय.
सियागंजात तय्यबभाई अजून बेल्ट देतात,
बरणीतून चिमट्याने काढून, औषधाची गोळी द्यावी तसा.
"चार उरलेत, भिया. तुमच्यासाठी दोन.
बाकीचे दोन ज्यांचे, ते कधीचे आले नाहीत."
हेड मी स्पिरिटने पुसतो, कापसाच्या काडीने.
पेन्सिल खिशात असतेच.

रात्री नऊनंतर लावतो.
टेम्पो जातो. कुणीतरी खोकतं.
विमलताई चढायला लागतात, आणि माझा उजवा हात
आपोआप मांडीखाली जातो.

चिमणीनंतर टेप कोरी नाही.
मुळ्ये चिक्कू, जुन्या कॅसेटवरच नवं भरायचा.
थोडी शांतता, आणि खालून
आधीचं कुठलंसं घर वर येतं:
पितळी भांडी, सायकलची घंटी,
आणि त्याची आई, माइकच्या अगदी जवळ:
"बाळ, चालू आहे का रे हे?"

हेडफोन लावलेला असतो, म्हणून माझा आवाज जरा मोठाच लागतो.
ही आतून विचारते, कुणाला सांगताय?
"चालू आहे," मी म्हणतो.
"बोला तुम्ही. चालू आहे."